जिकडून निरोप यायचे थांबले

पहाटे पावणेचारला बाथरूममध्ये गेले तर कमोडमधलं पाणी हलत होतं. बादली धरून कोणी हेलकावे द्यावेत तसं, दोन-तीन इंच वर यायचं, परत खाली, मधेच आतून गुडगुड. टॉर्च धरून मी बघतच राहिले. लाईट गेले नव्हते अजून, पण कधीही जातील म्हणून टॉर्च गळ्यातच अडकवला होता. छपरावर सांडपाण्याच्या पाइपाचं तोंड उघडं असतं, त्यावरून वारा सुसाट गेला की पाइपातली हवा ओढली जाते आणि ते थेट इथे खाली पाण्यात दिसतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी फक्त ग्रुपवर टाकलं, "३:४५, अॅथनराय आणि ओरनमोरच्या मधे, कमोडमधलं पाणी वरखाली होतंय, अजून लाईट आहेत." मिनिटभरात तिघांचं उत्तर, आमच्याकडेही. सॉल्टहिलच्या ताईंनी लिहिलं की आमच्याकडे तर अर्ध्या तासापासून चालू आहे, घाबरू नकोस, पण आता खिडकीपाशी झोपू नका कोणी.

तारीख २४ जानेवारी २०२५, शुक्रवार. एओविन वादळ. आम्ही आयर्लंडमध्ये गॉलवे काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, राहतो, शहराबाहेर, भाड्याच्या घरात, चारी बाजूंना शेतं आणि दगडी बांध. मी, नवरा आणि सात वर्षांची लेक. नऊ वर्षं झाली इथे, वादळं बरीच पाहिली, इथे हिवाळ्यात वादळ म्हणजे नवल नाही, २०१५ पासून तर त्यांना रीतसर नावं देतात आणि दर वर्षी पाच-सहा नावं तरी कानावर पडतातच. पण सगळ्याच्या सगळ्या २६ काउंटींना एकदम रेड वॉर्निंग हे मी पहिल्यांदाच पाहिलं, शाळा बंद, बस बंद, ट्रेन बंद, ऑफिस बंद, घराबाहेर पडू नका म्हणून सरकार सांगतंय. सीमेपलीकडे नॉर्दर्न आयर्लंडलाही रेडच, म्हणजे आख्खं बेट लाल.

आपल्याकडे वादळ म्हटलं की चक्रीवादळ डोळ्यासमोर येतं. माझं माहेर श्रीवर्धनजवळ, ३ जून २०२० ला निसर्ग आलं तेव्हा आईबाबा तिथेच होते, त्यामुळे वादळ म्हणजे काय हे आईला मी सांगायची गरज नाही. पण हे वादळ वेगळ्या जातीचं. आपलं चक्रीवादळ गरम समुद्रावर पोसतं. हे हिवाळी वादळ थंड हवा आणि उबदार हवा यांच्यातल्या फरकावर पोसतं, आणि वर आठ-दहा किलोमीटरवर जेट स्ट्रीम वाहत असते ती त्याला जोर देते. त्याच आठवड्यात अमेरिकेत दक्षिणेला, अगदी न्यू ऑर्लिन्सला, बर्फ पडला होता, एवढी थंडी तिथपर्यंत उतरली होती. त्या थंडीमुळे अटलांटिकवरची जेट स्ट्रीम भयंकर जोरात होती आणि हे वादळ नेमकं तिच्या तोंडी सापडलं. चोवीस तासांत वायुदाब २४ मिलिबारने पडला की इथले हवामानवाले त्याला बॉम्ब म्हणतात, हा त्याच्या दुपटीच्या आसपास पडला. आदल्या दिवशी ऑफिसात हे सगळे नकाशे बघत होतो तेव्हा एकजण म्हणाला की समान दाबाच्या रेषा एवढ्या जवळजवळ आहेत की मधे पेन्सिलीचं टोक ठेवायला जागा नाही.

ग्रुप आधीपासून होता, व्हॉट्सअॅपवरचा, इथल्या मराठी लोकांचा, एरवी गणपती आणि दिवाळीच्या तयारीचा. गुरुवारी दुपारी त्यात नुसते फॉरवर्ड पडायला लागले. एकाने छप्पर उडतानाचा व्हिडिओ टाकला, "गॉलवे आत्ता", आणि बाहेर तर तेव्हा पानही हलत नव्हतं. कुठल्या तरी दुसऱ्याच देशातला जुना व्हिडिओ. लोक घाबरले, एका मुलीचा नवरा नाईट शिफ्टला निघणार होता, ती रडायलाच लागली. तेव्हा सॉल्टहिलच्या ताईंनी, त्या इथे वीस वर्षं आहेत, वॉर्डात नर्स आहेत, सरळ लिहिलं की आजची रात्र या ग्रुपवर एकही फॉरवर्ड नको. जो लिहील त्याने आधी वेळ लिहायची, मग जागा, मग स्वतः काय पाहिलं किंवा ऐकलं ते, बस. ऐकीव नको, "म्हणे" नको. आणि बघायला म्हणून कोणी दार उघडायचं नाही, काचेच्या आतून जे दिसेल तेवढंच. मी त्यात माझ्या ऑफिसातल्या कॅरारोच्या मैत्रिणीलाही घेतलं, ती आयरिश, मराठीचा गंध नाही, म्हणून मग सगळेच इंग्रजीत लिहायला लागलो. तिला घेण्यामागे माझा स्वार्थ होता. कॅरारो आमच्या पश्चिमेला, समुद्रावर. वादळ तिकडून येणार. तिच्याकडे जे होईल ते थोड्या वेळाने आमच्याकडे होणार, एवढा साधा हिशोब.

संध्याकाळी घरातली तयारी केली, त्याबद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांनी तेच केलं असेल. ट्रॅम्पोलिन उलटं करून बांधलं, कचऱ्याचे डबे गॅरेजमध्ये, फोन फुल चार्ज. एकच गोष्ट सांगते जी मला शेजारच्या आजोबांनी सांगितली आणि जिने नंतर आम्हाला वाचवलं. आमच्याकडे पाणी बोअरचं, लाईट गेले की पंप बंद, म्हणजे पाणीच बंद. आजोबा म्हणाले बाथटब भरून ठेव, पातेली भर, मिळेल ते भर. मी टब काठोकाठ भरला, कुकर, कढया, लेकीची खेळण्यातली बादलीसुद्धा. दुकानातून ब्रेड गायब झाला होता, पण घरात तांदूळ, मुगाची डाळ होती आणि कॅम्पिंगची छोटी गॅसशेगडी होती, त्यामुळे मला खाण्याची काळजी नव्हती.

आजोबा ब्याऐंशी वर्षांचे, एकटे राहतात, आमच्या घरापासून शेत ओलांडून शंभरेक मीटरवर. आमच्याकडे या म्हटलं तर आले नाहीत. टर्फची शेगडी सोडून कुठे जाणार म्हणाले. टर्फ म्हणजे दलदलीतली माती विटांसारखी कापून वाळवतात ते जळण. मग ठरलं की त्यांनी किचनच्या खिडकीत कंदील ठेवायचा. आमच्या बाथरूमच्या खिडकीतून ती खिडकी दिसते. कंदील दिसतोय तोवर ठीक. जाताना मला म्हणाले की १९६१ मधे डेबी वादळ आलं तेव्हा मी अठरा-एकोणीसचा होतो, वारा कसा फिरतो त्याकडे लक्ष ठेव. आग्नेयेकडून असेल तोवर हे सुरूही झालेलं नाही असं समज. दक्षिणेकडून आला की तयारीत राहा. पश्चिमेकडे वळला की मग खरं.

रात्री दहापासून मी कागद घेऊन बसले. माझ्या फोनमध्ये वायुदाब मोजणारा सेन्सर आहे, बऱ्याच फोनमध्ये असतो, लोकांना माहीत नसतं. दर पंधरा मिनिटांनी आकडा लिहायचा, शेजारी वाऱ्याची दिशा, शेजारी आवाज. दिशा कशी कळणार अंधारात? तर घराच्या भिंतीत व्हेंट असतात, हवा खेळती राहावी म्हणून पाडलेली गोल भोकं, इथे प्रत्येक खोलीत एक. ज्या खोलीतलं व्हेंट शिट्टी मारतंय त्या बाजूने वारा. दहा वाजता जेवणाच्या खोलीतलं, म्हणजे आग्नेय. एक वाजता लेकीच्या खोलीतलं, म्हणजे दक्षिण. लेकीला उचलून आमच्या खोलीत आणलं, मग अडीचला जिन्याखाली गादी टाकली आणि तिघं तिथे. घराचा सगळ्यात आतला भाग तोच, खिडकी नाही, वर जिना.

दाब बारापर्यंत सावकाश उतरत होता. दोननंतर तासाला पाच-सहा मिलिबार. मी दोनदा फोन बंद करून चालू केला, वाटलं सेन्सर बिघडला. आकडा मी कधीच पाहिला नव्हता एवढा खाली गेलेला. कान दडे बसल्यासारखे, घाटात गाडी चढताना होतं तसं, आणि पोटमाळ्याची झडप आपोआप उचलली जायची आणि धाडकन बसायची, उचलली जायची, बसायची. पत्र टाकायच्या फटीची पितळी पट्टी दारावर टकटक टकटक करत होती, कोणी बोटाने वाजवावी तशी, ती शेवटी नवऱ्याने चिकटपट्टी लावून बंद केली. अंधारात वारा दिसत नाही ना. सगळं कानावर. आणि कानाला पण सवय होते, हे मला ग्रुपमुळे कळलं. मी ३:१५ ला "खूप जोर" लिहिलं होतं आणि ४:१५ लाही "खूप जोर". ताई म्हणाल्या की "खूप" लिहू नकोस, काय हलतंय काय तुटतंय ते लिही, तेच दुसऱ्याला कळतं.

याच्यावरून मला नंतर आजोबांनी सांगितलेली गोष्ट इथेच सांगते. वाऱ्याचं बोफोर्ट मोजमाप आहे ना, शून्य ते बारा, ते करणारा फ्रान्सिस बोफोर्ट इथलाच, मीथ काउंटीतल्या नॅव्हनचा, जन्म १७७४. नौदलात होता. १८०५ मध्ये त्याने ते केलं तेव्हा त्यात वेग नव्हताच. या वाऱ्यात जहाज किती शिडं उभारू शकतं, एवढंच. म्हणजे आपलं बाथरूममधलं पाणी आणि दारावरची टकटक हे काही अडाणीपणाचं नाही, मोजमाप सुरू झालं ते असंच. पुढे जमिनीसाठी वर्णनं आली. आठवर डहाळ्या मोडतात आणि चालणं जड जातं, नऊवर छपराच्या पाट्या निघतात, दहावर झाडं मुळासकट येतात. मला ते माहीत असतं तर त्या रात्री मी जास्त नीट लिहिलं असतं.

४:४० ला लाईट गेले. ग्रुपवर आधी गेले ते किनवाराचे, मग कॅरारो, मग आम्ही, मग ट्यूम. प्रत्येकाने फक्त वेळ टाकली आणि "गेले". त्या वेळांवरून मला कागदावर दिसत होतं की ते आमच्यावरून कसं सरकतंय. कॅरारोची मैत्रीण सगळ्यात जास्त लिहीत होती. ४:२०, शेडचा पत्रा उडाला. ४:३५, वारा नैर्ऋत्येकडून, घर हलतंय असं वाटतंय, दगडी घर आहे तरी. ४:५०, मुलं जिन्याखाली. ४:५५, चिमणीतून काजळी खाली आली सगळी.

आणि मग फोनवरचा आकडा वर सरकला. एक मिलिबार. पाच मिनिटांनी अजून दोन. मी नवऱ्याला हलवून सांगितलं, चढायला लागला दाब, सुटलो. ग्रुपवर टाकलं सुद्धा, "५:००, दाब वाढतोय, वाईट संपलं बहुतेक." ही त्या रात्रीतली माझी सगळ्यात मोठी चूक. वादळाचा केंद्रबिंदू जवळून पुढे सरकला की दाब वाढतो हे खरं, पण या हिवाळी वादळांत सगळ्यात जोराचा वारा बऱ्याचदा त्याच्या मागच्या अंगाला असतो, दाब चढत असताना. किती झपाट्याने पडतो तेवढंच महत्त्व किती झपाट्याने चढतो त्याला. आजोबांनी दुसऱ्या शब्दांत हेच सांगितलं होतं, पश्चिमेकडे वळला की मग खरं. मी आकड्याकडे बघत बसले आणि व्हेंटकडे दुर्लक्ष केलं. आता हॉलचं व्हेंट शिट्टी मारत होतं. हॉल पश्चिमेला.

माझ्या त्या मेसेजमुळे ट्यूमचे एक काका जिन्याखालून उठून बेडरूममध्ये गेले. त्यांना काही झालं नाही. पण अर्ध्या तासाने त्या बेडरूमच्या वर झाड पडलं, तेव्हा ते पाणी प्यायला स्वयंपाकघरात आले होते म्हणून वाचले. काका नंतर कधीही त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत मला. मी मात्र विसरलेले नाही. मी पाहिलेलं लिहायचं होतं, दाब वाढतोय. "वाईट संपलं" हे मी पाहिलेलं नव्हतं.

पाचनंतरचा आवाज मला लिहिता येत नाही. तोवर झोत यायचे आणि जायचे, मधे श्वास घ्यायला जागा असायची. आता मधली जागाच गेली. एकच सूर, खालच्या पट्टीतला, ट्रक दारात चालू ठेवल्यासारखा, आणि त्याच्यावर आपटण्याचे, फाटण्याचे आवाज. लेक जागी झाली, रडली नाही, तिने फक्त विचारलं आई छप्पर कशाने बांधलेलं असतं. नवऱ्याने तिला खिळे, वासे, दगडी भिंत असं सगळं अगदी शांतपणे समजावून सांगितलं. तो सांगत असताना त्याचा हात माझ्या हातात होता आणि तो थरथरत होता.

सव्वापाचला मी बाथरूमच्या खिडकीतून कंदील बघितला. दिसला नाही. पाण्याचे सपकारे काचेवर, काहीच दिसत नव्हतं. मी मागचं दार उघडलं. उघडू नका असं ठरलेलं असताना, स्वतः कबूल केलेलं असताना. कडी सरकवली आणि दार माझ्या हातातून गेलं, मी ढकललंच नाही, ते बाहेर ओढलं गेलं, दोन बिजागऱ्यांपैकी वरची निघाली, माझा खांदा चौकटीवर आपटला. नवरा धावत आला, दोघांनी मिळून ओढून, खुर्ची लावून, दोरीने रेडिएटरच्या पाइपाला बांधून ते बंद केलं, त्यात पंधरा मिनिटं गेली. एकटी असते तर जमलं नसतं. पण त्या एका क्षणात मला शेतापलीकडे पिवळा ठिपका दिसला. कंदील होता. मी परत येऊन लिहिलं, "५:२०, शेजारी कंदील दिसतो."

मेसेज गेला नाही. नेटवर्क अर्धवट. मग मी आधीचे मेसेज वर जाऊन वाचायला लागले आणि तेव्हा लक्षात आलं. कॅरारोचा शेवटचा मेसेज ४:५५ चा. किनवाराचा ५:०५. सॉल्टहिल ५:१०. पूर्वेकडचे, बॅलिनस्लोचे, लोक अजून लिहीत होते, इकडे पत्रा उडाला, तिकडे कुंपण पडलं, आणि वाचताना असं वाटत होतं की सगळ्यात वाईट तिकडेच चाललंय, कारण तिकडूनच सगळे निरोप. प्रत्यक्षात पश्चिमेकडची माणसं गप्प झाली होती. मोबाइलच्या टॉवरला लाईट गेल्यावर बॅटरी असते, ती काही तास चालते, आणि बऱ्याच ठिकाणी तर टॉवरपर्यंत जाणारी लाइनच तुटलेली. जिथे सगळ्यात जास्त होत होतं तिथून सांगायला काही साधनच नव्हतं उरलं. मी कागदावर कॅरारोच्या रकान्यात ५:१०, ५:२०, ५:३० अशा वेळा लिहून पुढे रेघा ओढत होते. त्या रेघा बघून माझ्या पोटात गोळा आला तसा आवाज ऐकूनही आला नव्हता.

नंतर कळलं की पाचच्या सुमारास कॅरारोच्या पश्चिमेला मेस हेड या हवामान केंद्रावर ताशी १८४ किलोमीटरचा झोत नोंदला गेला. आयर्लंडमध्ये वाऱ्याची नोंद व्हायला लागल्यापासूनचा सगळ्यात मोठा. आधीचा विक्रम १८२ चा, फॉइन्सचा, जानेवारी १९४५ मधला, ऐंशी वर्षं टिकलेला. नुसता झोतच नाही, दहा मिनिटांचा सरासरी वेगही १३५ च्या वर. बोफोर्टच्या मोजमापाची शेवटची पायरी, बारा, ११८ लाच सुरू होते.

उजाडलं पावणेनऊला, जानेवारीत इथे तेव्हाच उजाडतं. वारा होता अजून पण श्वास घेत होता. खिडकीच्या काचा दुधाळ दिसत होत्या, मला वाटलं तडे गेलेत, बोट फिरवून चाखलं तर मीठ. समुद्र आमच्यापासून बराच लांब आहे तरी काचेवर मीठ. दहानंतर वॉर्निंग उतरल्यावर नवरा आजोबांकडे गेला. ते चहा पीत बसलेले. त्यांच्या गोठ्याची एक भिंत पडली होती, रस्त्यावर तीन मोठी झाडं आडवी, विजेचे खांब एकामागे एक कलंडलेले. लाईट लगेच येणार नाहीत हे ते खांब बघूनच कळलं.

देशभरात ७ लाख ६८ हजार जोडण्यांची वीज गेली होती. जोडण्या, माणसं नव्हेत, म्हणजे माणसं किती ते बघा. मेयोमध्ये हवा भरून उभा केलेला प्रचंड मोठा खेळाचा डोम होता, तो फाटून जमीनदोस्त झाला. डोनेगलमध्ये गाडीवर झाड पडून एक तरुण गेला, ती बातमी आम्ही गाडीतल्या रेडिओवर ऐकली, तिघंही गाडीत बसून फोन चार्ज करत होतो, आणि बराच वेळ कोणी काही बोललं नाही.

आमच्याकडे लाईट नवव्या दिवशी आले. काहींना दोन आठवडे लागले. कारण नुसते खांब नाहीत, तारा जंगलातून जातात, लागवडीच्या सरळसोट झाडांची जंगलं, ती आडवी झाली, सुमारे २४ हजार हेक्टर. आधी झाडं कापायची, मग वाट करायची, मग खांब. परदेशांतून, ऑस्ट्रिया-फिनलँडपासून, वीज कामगार आले. ती माणसं चिखलात, पावसात, अंधार पडला तरी काम करत होती, आजोबा त्यांना थर्मासमधून चहा नेऊन द्यायचे आणि मी एकदा पातेलंभर खिचडी दिली, त्यांनी ती उभ्या उभ्या खाल्ली.

त्या नऊ दिवसांत ग्रुप खरा कामाला आला. वाऱ्याच्या बातम्या संपल्या आणि दुसऱ्या सुरू झाल्या, पण पद्धत तीच, वेळ, जागा, स्वतः पाहिलेलं. शनिवार अकरा, अॅथनरायच्या क्लबच्या हॉलमध्ये गरम पाणी आणि चार्जिंग चालू. रविवार दोन, अमुक रस्त्यावर तार लोंबतेय, जाऊ नका. पेट्रोल पंप चालू, फक्त कॅश. कोणाच्या बाळाचं दूध गरम करायचंय, कोणाच्या सासूबाईंचं इन्सुलिन फ्रीजमध्ये अडकलंय. कार्डांची सवय झालेली, कॅश कोणाकडेच नाही, मग सॉल्टहिलच्या ताईंनी पन्नास-पन्नास युरोच्या नोटा सुट्या करून वाटल्या आणि कोणाला किती दिले ते लिहूनसुद्धा ठेवलं नाही. सगळे पैसे परत आले.

संध्याकाळी आम्ही आजोबांकडे, टर्फपाशी. तेव्हा त्यांनी १८३९ ची गोष्ट सांगितली, ६ जानेवारीच्या रात्री आलेलं मोठं वादळ, आयरिशमध्ये "ओइहे ना ग्वीहा मोइरे", मोठ्या वाऱ्याची रात्र. १९०९ मध्ये इथे म्हातारपणाची पेन्शन सुरू झाली तेव्हा सत्तरी ओलांडलेल्यांकडे जन्माचे दाखलेच नव्हते, कारण जन्मनोंदणी १८६४ पासूनची. मग अधिकारी विचारायचे, मोठा वारा आठवतो का? आठवतो म्हटलं की वय सिद्ध. त्यांच्या पणजोबांनी तशीच पेन्शन मिळवली म्हणे. आणि मेयोतल्या ब्लॅकसॉडची ती मुलगी, मॉरीन. पोस्टात कामाला, दर तासाला हवामानाच्या नोंदी पाठवायची. जून १९४४ मध्ये, एकविसाव्या वाढदिवसाच्या रात्री, तिने दाब झपाट्याने पडतोय असं कळवलं. इंग्लंडहून परत विचारणा झाली, तपासून सांगा. तिने परत तपासलं, परत तेच सांगितलं. त्यावरून दुसऱ्या महायुद्धातला नॉर्मंडीचा हल्ला ५ तारखेचा ६ ला गेला, आणि हे तिला स्वतःला कित्येक वर्षांनी कळलं. २०२३ च्या डिसेंबरात शंभर वर्षांची होऊन वारली. लेकीला ही गोष्ट एवढी आवडली की तिने माझ्या फोनवरचा दाब दर तासाला लिहायला घेतला, पार आजोबांच्या कॅलेंडरवर.

आईचा फोन लागला तो तिसऱ्या दिवशी. ती काही विचारायच्या आधी मीच म्हटलं, आई आम्ही ठीक आहोत. ती म्हणाली, "ते कळलं गं, तू बोलतेयस म्हणजे ठीक आहेस. आमच्याकडे निसर्गच्या वेळी तू चार दिवस फोन लावत होतीस ना, ते आठवत होते मी." मला तेव्हाचे ते चार दिवस आठवले. न लागणारा फोन आणि टीव्हीवर मुंबई, सतत मुंबई, कारण मुंबईतून दाखवता येत होतं.

कॅरारोची मैत्रीण ऑफिसात आली दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी. मधे तिचा दोन ओळींचा निरोप आला होता, सगळे सुखरूप, घर राहण्यासारखं नाही, बहिणीकडे आहोत, तेवढाच. कँटीनमध्ये समोरासमोर बसलो. मी तो कागद पिशवीतून काढला, चहाचे डाग पडलेला, आणि तिच्या रकान्यातल्या रेघा दाखवल्या. ती बराच वेळ बघत होती. मग बोट ठेवून सांगायला लागली, इथे आम्ही दाराला कपाट लावलं, इथे धाकटी झोपली, हो झोपली, दमून. आणि छप्पर, मी विचारलं, आवाज केवढा आला असेल. ती म्हणाली आवाज आलाच नाही. त्या आवाजात दुसरा आवाज यायला जागाच नव्हती. थोरल्याच्या डोक्यावर पाणी टपकलं, त्याने वर टॉर्च मारला, आणि वर आकाश होतं.

मी पेन घेतलं आणि ती सांगेल तसं रेघेवर लिहिलं. ५:३०, कॅरारो, छप्पर गेलं, आवाज नाही, मुलाच्या डोक्यावर पाणी पडलं तेव्हा कळलं. तिने वाचलं, "५:३०" खोडून "५:२५" केलं, आणि कागद मला परत दिला.